दिव्यांग हक्कांचा कायदा वापरायचा कसा: प्रमाणपत्रापासून आयुक्तांकडच्या तक्रारीपर्यंत

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयाच्या जिन्यात मला एक गृहस्थ भेटले. मधुमेहामुळे त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला. वरच्या मजल्यावरून निरोप आला होता, "काकांना वर पाठवा, रजिस्टरवर सही लागते." काकांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या, फाइलची पिशवी गळ्यात अडकवली आणि हातांवर जोर देत, बसल्या बसल्या एकेक पायरी मागे सरकत वर जायला लागले. चौथ्या पायरीवर मी त्यांना थांबवलं. वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या: मी दिव्यांग आहे, जिना चढू शकत नाही, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ नुसार मला वाजवी सोय मिळावी, कृपया रजिस्टर तळमजल्यावर पाठवावे. खाली सही आणि तारीख. शिपायाच्या हाती पान वर गेलं. थोड्याच वेळात एक कारकून रजिस्टर आणि स्टॅम्प पॅड घेऊन खाली आले. म्हणाले, "अहो, आधी सांगायचं ना."

काकांनी आधी तीनदा सांगितलं होतं. तोंडी.

मी स्वतः पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावून चालतो आणि बऱ्याच वर्षांपासून लोकांना असे अर्ज लिहून देतो. माझा अनुभव असा की तोंडी विनंती ही समोरच्याच्या मर्जीवर असते, आणि कलम लिहिलेला, आवक क्रमांक पडलेला अर्ज त्याच्या जबाबदारीवर जातो. म्हणून या लेखात हक्क कोणते हे सांगतोच, पण त्याहून जास्त, ते कागदावर कसे मागायचे ते सांगतो.

(शब्दाबद्दल एवढंच: सरकारी कागदांत 'दिव्यांग' हा शब्द आहे, म्हणून अर्जात तोच लिहावा. स्वतःला काय म्हणवून घ्यायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला 'अपंग' म्हटल्याचं कधी वाईट वाटलं नाही, माझ्या मैत्रिणीला वाटतं. दोघांचंही बरोबर आहे.)

पायरी १: कायद्यात आपण कुठे बसतो?

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला २००७ साली मान्यता दिली. त्याला धरून जुना १९९५ चा कायदा बदलला आणि नवा, २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग हे सगळ्यांना माहीत असतात. पण सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यामुळे आलेली विद्रूपता हेही त्यात आहेत, हे अनेक घरांना ठाऊकच नसतं. विदर्भात सिकलसेलचे कितीतरी तरुण रुग्ण आपल्याला 'आजारी' समजतात. आपण कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग आहोत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिथे सरकारी कर्मचारीही चुकतात. या कायद्यात दोन पातळ्या आहेत. पहिली पातळी म्हणजे कोणतीही दिव्यांग व्यक्ती. शरीराची, मनाची, बुद्धीची किंवा ज्ञानेंद्रियांची दीर्घकालीन अडचण आहे आणि समाजातल्या अडथळ्यांमुळे बरोबरीने वावरता येत नाही, तर तुम्ही या पातळीवर आहात. टक्केवारी कितीही असो. भेदभाव न होण्याचा हक्क, वाजवी सोयीचा हक्क, अपमानापासून आणि हिंसेपासून संरक्षण हे सगळं इथेच मिळतं.

दुसरी पातळी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्यांची. नोकरीतलं आरक्षण, उच्च शिक्षणातलं आरक्षण, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, बहुतेक योजना यांच्यासाठी ही अट आहे.

म्हणजे ३० टक्के प्रमाणपत्र असलेल्या माणसाला "तुम्ही चाळीसच्या खाली, तुम्हाला काहीच मिळत नाही" असं सांगणं चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्या उमेदवाराच्या हाताला लिहिताना पेटके येत. ४० टक्के नाहीत म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. हे नाव वहीत लिहून ठेवा, अर्जात फार कामी येतं.

पायरी २: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक. दोन्हींसाठी अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आधार कार्ड, राहण्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठा लागतो. नाव आधारवर जसं आहे तसंच, काना-मात्रेसकट भरा. वडिलांचं नाव एका कागदावर 'दत्तात्रय' आणि दुसऱ्यावर 'दत्तात्रेय' असलं की पुढे प्रत्येक योजनेत अडकायला होतं. मूल लहान असेल किंवा व्यक्तीला स्वतः अर्ज करता येत नसेल तर पालक करू शकतात. अर्ज राहत्या जिल्ह्यातल्या प्राधिकृत रुग्णालयाकडे करता येतो, किंवा जिथे त्या दिव्यांगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडेही. ही दुसरी सोय फार कमी लोक वापरतात. उपचार मुंबई-पुण्यात झाले असतील आणि जिल्ह्याला त्या विषयाचे तज्ज्ञ नसतील, तर मुद्दाम वापरावी.

तपासणीच्या दिवशी घरून निघताना सगळे जुने कागद तारखेनुसार लावून न्या: शस्त्रक्रियेचा गोषवारा, एमआरआय किंवा एक्स-रे, श्रवण तपासणी, बुद्ध्यंक चाचणी, सिकलसेलचा रक्त तपासणी अहवाल, जे लागू असेल ते. डॉक्टरांपुढे एक चूक खूपजण करतात, विशेषतः आपल्याकडची मोठी माणसं. "कसं काय चाललंय?" म्हटलं की "बरं चाललंय" म्हणतात. लाजेपोटी, सवयीने. तिथे खरं ते पूर्ण सांगा. अंघोळीला कोण मदत करतं, किती अंतर चालता येतं, रात्री काय त्रास होतो, फिट महिन्यात किती वेळा येते. वाढवून सांगू नका, झाकूनही ठेवू नका. मानसिक आजारात आणि अध्ययन अक्षमतेत तर डॉक्टरांना दिसण्यासारखं काहीच नसतं, तुमचं सांगणं आणि जुन्या नोंदी हाच आधार.

कार्डाचे तीन रंग आहेत: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० मध्ये पिवळा, ८० आणि वर निळा. प्रमाणपत्र आणि कार्ड देशभर चालतं, दुसऱ्या राज्यात गेलात म्हणून नवं काढायला लागत नाही. प्रमाणपत्र तात्पुरतं आहे की कायमचं ते बघा. तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत असते. ती संपण्याच्या तीन-चार महिने आधीच पुनर्तपासणीच्या तयारीला लागा, कारण मुदत संपली की मासिक अनुदान थांबतं आणि पुन्हा सुरू करायला चपला झिजतात. जुनं हस्तलिखित प्रमाणपत्र असलेल्यांनीही यूडीआयडी काढून घ्यावं, आता जवळपास सगळीकडे तोच क्रमांक मागतात.

टक्के कमी दिले, किंवा नाकारलंच, तर? कलम ५८ नुसार नकार लेखी द्यावा लागतो. तो मागून घ्या. कलम ५९ नुसार त्यावर अपील करता येतं. अपिलात नवा पुरावा जोडा, नुसतं "अन्याय झाला" लिहून काही होत नाही. आणि टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून चार हात दूर राहा. खोटं प्रमाणपत्र वापरून लाभ घेणाऱ्याला कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अशा प्रत्येक प्रकरणानंतर खऱ्या दिव्यांगांच्या तपासण्या आणखी जाचक होतात. मला त्याचाच जास्त राग येतो.

पायरी ३: 'वाजवी सोय' मागणारा अर्ज

वाजवी सोय म्हणजे तुमच्या गरजेनुसार केलेला असा बदल, ज्यामुळे समोरच्यावर अवाजवी बोजा पडत नाही. वर्ग तळमजल्यावर हलवणं. बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी. नोटीस मोठ्या अक्षरांत किंवा स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा फाइलमध्ये. डायलिसिसच्या दिवशी कामाची वेळ बदलणं. स्वमग्न मुलाला परीक्षेसाठी शांत, वेगळी खोली. कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे की वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे, कलम २(ज) पाहा. भेदभाव सिद्ध करायला कुणी शिवी दिली पाहिजे, दारातून हाकललं पाहिजे, असं काही नाही.

अर्ज एका पानाचा असावा. मी सहसा असा लिहितो:

"प्रति, (पद आणि कार्यालय)
विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये वाजवी सोय मिळणेबाबत.
महोदय/महोदया, मी (नाव), यूडीआयडी क्रमांक (…), मला (प्रकार) आहे. दि. (…) रोजी आपल्या कार्यालयात (काय घडले) त्यामुळे मला (नेमकी कोणती) अडचण येत आहे. अधिनियमाच्या कलम ३ नुसार मला पुढील सोय मिळावी ही विनंती: (एकच नेमकी मागणी, शक्य असल्यास कशी करता येईल तेही). ही सोय देणे शक्य नसल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत. आपले उत्तर (१५) दिवसांत मिळावे.
सोबत: प्रमाणपत्राची प्रत.
स्थळ, दिनांक, सही."

यात "शक्य नसल्यास कारणे लेखी कळवावीत" ही ओळ कधीही गाळू नका. तोंडाने "नाही" म्हणणं सोपं असतं. तेच सहीनिशी लिहून द्यायची वेळ आली की बरेच अधिकारी थबकतात आणि मार्ग काढतात.

दोन प्रती करा. आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. हीच पोच. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर नम्रपणे उभं राहा. तरीही शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा, सोबत ईमेलही करा. घरी एक फाइल करा आणि पहिल्या पानावर यादी लिहा: तारीख, कुणाला काय दिलं, आवक क्रमांक, काय उत्तर आलं. पुढे आयुक्तांपुढे सुनावणी झाली तर ही यादी तुमच्या बाजूने बोलते. मी पाहिलंय, शिकलेले लोक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतात आणि वेळेवर सापडत नाही. एका गावातल्या आजींची फाइल मात्र पत्र्याच्या पेटीत, साडीच्या काठाने बांधलेली होती, आणि तिच्यात सात वर्षांची प्रत्येक पोच होती. तारीख विचारली की त्या गाठ सोडून थेट तोच कागद काढायच्या.

१५ दिवसांत काहीच झालं नाही तर स्मरणपत्र द्या आणि माहितीच्या अधिकारात विचारा: "माझ्या दि. … च्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, ती कुणाकडे प्रलंबित आहे?" १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दृष्टी किंवा श्रवणाची अडचण असेल तर माहिती मिळवण्यासाठी मदत करणं ही माहिती अधिकाऱ्याचीच जबाबदारी आहे. आणि हा अधिकार हाताशी आहेच तर आपल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेलाही विचारा, स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी गेल्या वर्षी किती होता आणि कशावर खर्च झाला.

पायरी ४: शाळा, कॉलेज, परीक्षा

शाळेने दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारू नये, हे कलम १६ सांगतं. उच्च शिक्षणाच्या सरकारी आणि अनुदानित संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे.

परीक्षेसाठी केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: लेखनिक घ्या अथवा न घ्या, पात्र उमेदवाराला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. ४० टक्क्यांखालच्या पण लिहायला अडचण असलेल्यांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या, त्या विकास कुमार निकालामुळेच. ऑगस्ट २०२५ मध्ये या दोन्हींच्या जागी नव्या एकत्रित सूचना आल्या. प्रत्येक मंडळ आणि विद्यापीठ आपापले नमुने लावतं, म्हणून परीक्षेचा फॉर्म भरतानाच सोय मागा. हॉल तिकीट हाती आल्यावर मागितली की "आता उशीर झाला" हेच ऐकायला मिळतं. मंजुरीचं पत्र परीक्षेच्या दिवशी खिशात ठेवा, कारण केंद्रावरच्या पर्यवेक्षकांपर्यंत ते पोचलेलं असेलच असं नाही.

वैद्यकीय प्रवेशाबद्दल एक मोलाचा निकाल ऑक्टोबर २०२४ चा. ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला वाचा दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून जास्त असल्याने एमबीबीएससाठी अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या टक्क्यावरून अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का याचं मूल्यमापन मंडळाने केलं पाहिजे. त्याला प्रवेश मिळाला.

पायरी ५: नोकरी

सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, चार गटांत एकेक टक्का: दृष्टी, श्रवण, अस्थिव्यंग (यात मेंदूचा पक्षाघात, बुटकेपणा, ॲसिड हल्ला, स्नायुविकृती, कुष्ठरोगमुक्त), आणि चौथ्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुदिव्यांगत्व. खासगी कंपनीला हे आरक्षण लागू नाही, पण समान संधी धोरण जाहीर करणं प्रत्येक आस्थापनेला कलम २१ ने बंधनकारक आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांगांच्या सोयींसाठी संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. मुलाखतीला जाण्याआधी किंवा त्रास सुरू झाल्यावर पहिला ईमेल हा करा: "आपले समान संधी धोरण कृपया पाठवावे."

पण या पायरीवर मला जे खरंच कळकळीने सांगायचंय ते वेगळं आहे. नोकरीत असताना अपघात झाला, पक्षाघात झाला, दृष्टी गेली, तर घाबरून राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नका. अशा वेळी घर हादरलेलं असतं, दवाखान्याची बिलं चालू असतात, आणि कुणीतरी आपुलकीनेच सुचवतं, "आता कशाला दगदग, सही करून मोकळे व्हा." कलम २०(४) सांगतं की सरकारी आस्थापनेने सेवेत असताना दिव्यांग झालेल्या कर्मचाऱ्याला काढायचं नाही आणि खालच्या पदावर टाकायचंही नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा पद निर्माण करून, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्यावर ठेवायचं. १९९५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती आणि २००३ साली कुणाल सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती कर्मचाऱ्याच्या बाजूने ठामपणे लावली.

माझ्या ओळखीच्या एका वाहनचालकाची दृष्टी कमी झाली. कार्यालयाने छापील फॉर्म पुढे केला, नाव आणि तारीख तेवढी भरायची होती. त्याच्या बायकोने तो पर्समध्ये घातला, "उद्या देते" म्हणाली आणि माझ्याकडे आली. आम्ही फॉर्मऐवजी २०(४) चा अर्ज दिला. पाच महिने लागले, मध्ये दोन स्मरणपत्रं गेली. तो आज भांडार विभागात त्याच वेतनश्रेणीवर आहे.

सरकारी आस्थापनेत नोकरीविषयक तक्रारीसाठी कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी असतो. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. हा मार्ग फक्त नोकरीच्या तक्रारींचा आहे, तिथे रेशन किंवा दाखल्याची तक्रार घेऊन जाऊ नका.

पायरी ६: आयुक्तांकडे तक्रार

राज्य सरकारची कार्यालयं, महापालिका, शाळा, एसटी यांच्याविरुद्धची तक्रार पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका, केंद्राच्या परीक्षा, टपाल यांच्याविरुद्धची दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. चुकीच्या ठिकाणी पाठवली की महिने फुकट जातात.

वकील असलाच पाहिजे असं नाही. तक्रारीत तुमचं आणि समोरच्याचं नाव-पत्ता, घटना तारखेनुसार, मोडलेलं कलम, पोचेच्या प्रती आणि शेवटी नेमकं काय हवं ते लिहा. "न्याय मिळावा" ही मागणी नव्हे. "माझ्या मुलीचा वर्ग जून महिन्यापासून तळमजल्यावर भरवण्याचे आदेश व्हावेत" ही मागणी. सुनावणीला प्रवास शक्य नसेल तर ऑनलाइन हजर राहण्याची सोय तक्रारीतच मागा, तीही वाजवी सोयच आहे.

आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचं असतं, मान्य नसेल तर कारणं द्यायची असतात. शिफारस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, हे मी लपवत नाही. कार्यालयं ती कधीकधी बासनात गुंडाळतात. पण ती हातात असली की उच्च न्यायालयातली रिट याचिका कितीतरी भक्कम होते, कारण एका वैधानिक अधिकाऱ्याने दोन्ही बाजू ऐकून तुमचं म्हणणं मान्य केल्याचा तो पुरावा असतो.

कायदा मोडणाऱ्याला कलम ८९ खाली पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख दंड आहे.

इमारतींबद्दल तक्रार करताना कलम ४५ लिहा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वावरता येईल अशा करायला कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली होती, ती कधीच उलटली. नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, असं बजावलं. तक्रारीसोबत फोटो जोडा. रॅम्प असेल तर त्याची उंची आणि लांबी मोजपट्टीने मोजून लिहा. आपल्याकडचे निम्मे रॅम्प बघितले की वाटतं, बांधणाऱ्याने व्हीलचेअर कधी ढकललीच नसावी.

बँकेची गोष्ट वेगळी सांगतो, कारण अंध मित्रांना तिथे सर्वाधिक मनस्ताप होतो. चेकबुक, एटीएम, लॉकर यासह सर्व सुविधा दृष्टिहीन ग्राहकांना भेदभाव न करता द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच बँकांना कळवलं आहे. स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः करण्याचा हक्क कलम १३ मध्येही आहे. शाखेत "सोबत कुणाला तरी आणा" म्हणाले तर ते लेखी मागा. मोबाइलवरच्या केवायसीत डोळे मिचकावायला सांगतात आणि अंध किंवा ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती तिथेच अडकतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून यासाठी पर्याय देण्याचे निर्देश दिले आहेत.

पायरी ७: मारहाण, अपमान, शोषण

इथे अर्ज-विनंतीचा मार्ग नाही, थेट पोलिस. कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. त्यात चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं किंवा धमकावणं, मारहाण, ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून उपाशी ठेवणं, लैंगिक शोषण, आणि कुबडी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांसारखी साधनं मोडणं हेही येतं. अनेक ठाण्यांत हे कलम माहीत नसतं. फिर्यादीत स्वतःहून लिहा, "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ९२ लावावे." हे खटले विशेष न्यायालय म्हणून नेमलेल्या सत्र न्यायालयात चालतात.

कलम ७ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही संरक्षण मागता येतं आणि अशी तक्रार आली की मोफत कायदेशीर मदतीची माहिती देणं पोलिसाचं कर्तव्य आहे. साक्षीदार म्हणून दिव्यांग व्यक्तीला ठाण्यात बोलावू नये, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यावा, ही तरतूद फौजदारी प्रक्रियेतच आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडित स्त्री दिव्यांग असेल तर फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, गरजेनुसार दुभाष्यासह नोंदवावी लागते आणि फिर्याद नोंदवतानाचं चित्रीकरण होतं. मूकबधिर मुलीचं म्हणणं घरच्यांनी 'सांगणं' आणि तिने स्वतः दुभाष्यामार्फत सांगणं यात कधीकधी जमीन-अस्मानाचा फरक असतो. छळ करणारा घरातलाच असेल तर विचारायलाच नको.

पायरी ८: मूल अठरा वर्षांचं होतं तेव्हा

आई-बापांना बहुतेक वेळा हे बँकेत कळतं. अठरा पूर्ण झाली की कायद्याने पालकत्व संपतं आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या खात्यातून त्याच्याच औषधाचे पैसे काढता येत नाहीत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. दिवाणी न्यायालयात जायची गरज नाही. सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशोब द्यावा लागतो. हे विसरू नका. याच न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात नाव घालून घ्या.

मानसिक आजार या कायद्यात येत नाही. तिथे २०१६ च्या कायद्यातलं कलम १४, म्हणजे मर्यादित पालकत्व: ठराविक निर्णयापुरता, ठराविक काळासाठी, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून घेतलेला आधार. भाऊबंदांनी "तो वेडा आहे" म्हणून सात-बाऱ्यावरून नाव उडवायचा घाट घातला, तर कलम १३ लावून तलाठी आणि तहसीलदार दोघांनाही लेखी हरकत द्या. वारसा हक्क दिव्यांगत्वाने संपत नाही.

पायरी ९: वकील, पैशांशिवाय

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, उच्च न्यायालयातल्या याचिकेसाठी तिथली वेगळी समिती. फोन करायचा तर १५१००. एक पानाचा अर्ज, प्रमाणपत्राची प्रत आणि तुमची फाइल एवढं पुरतं. नेमलेले वकील लक्ष देत नसतील तर बदलून मागता येतात, त्यासाठी त्याच कार्यालयात अर्ज करा.

कार्यालय वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर चढू नका. खालूनच एका कागदावर चार ओळी लिहा, कलम ३ घाला, शिपायाच्या हाती वर पाठवा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून खाली आणायला सांगा.